फादरची वही आणि रजिस्ट्रारची वही

‘उद्या कायदा झाला तर आपल्या फादरना दोन पुरुषांचं लग्न लावावं लागेल का?’

२०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाची सुनावणी सुरू होती, तेव्हा हा प्रश्न मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत, मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात आणि अर्थातच व्हॉट्सॲपवर फिरत होता. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण ते कुणाला पटत नाही, कारण प्रश्नासोबत अमेरिकेतल्या केकवाल्याचा व्हिडिओ आलेला असतो, तुरुंगात गेलेल्या कुठल्याशा सरकारी बाईंचा फोटो आलेला असतो आणि खाली ‘आता आपली पाळी’ अशी ओळ असते. म्हणून जरा मुळापासून बघू.

ख्रिस्ती माणूस धर्मस्वातंत्र्याबद्दल काय मानतो, सहिष्णुतेबद्दल काय मानतो आणि समलिंगी विवाहाबद्दल काय मानतो, हे तीन वेगळे धागे आहेत. माझ्या मते त्यांचा गुंता होतो तो एकाच जागी. लग्न कोणाच्या वहीत लिहिलं जातं, इकडे आपलं लक्षच नसतं.

वांद्रे, वाकोला, उत्तन, कुठल्याही कॅथलिक धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) लग्न ठरलं की साधारण तीन रविवार मिस्सेत वधूवरांची नावं पुकारली जातात. अमुक यांचा मुलगा, तमुक यांची मुलगी, या विवाहाला कुणाला अडचण ठाऊक असेल तर धर्मगुरूंना कळवावं. आता विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या कायद्याखाली, नोंदणी पद्धतीने लग्न करायला जा. तिथेही तुमची नोटीस लागते, तीस दिवस राहते आणि कुणाची हरकत असेल तर ती मागवली जाते. दोन्हीकडे पद्धत जवळजवळ एकच. फरक पडतो तो हरकतीच्या कारणांत. चर्च विचारतं: बाप्तिस्मा झालाय का? आधीचं लग्न होतं का? असेल तर ते चर्चच्या न्यायाधिकरणाने अवैध ठरवलंय का? रजिस्ट्रारला यातलं काही नको असतं. त्याला वय हवं, आधीचा जोडीदार हयात नसल्याचा किंवा कोर्टाच्या घटस्फोटाचा कागद हवा आणि तीन साक्षीदार हवेत.

म्हणजे मुंबईतला एखादा घटस्फोटित कॅथलिक माणूस आज रजिस्ट्रारकडे दुसरं लग्न करू शकतो आणि चर्चमध्ये करू शकत नाही. सरकारच्या लेखी तो विवाहित, चर्चच्या लेखी नाही. हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यावरून कुणी मोर्चा काढत नाही. २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने याची दुसरी बाजूही स्पष्ट केली: चर्चच्या न्यायाधिकरणाने लग्न रद्द ठरवलं म्हणून कायद्याने घटस्फोट झाला असं होत नाही. दोन वह्या, दोन नियम. एकीतली नोंद दुसरीत आपोआप उतरत नाही.

आपल्याकडे एक गुंतागुंत मात्र खरी आहे. फ्रान्समध्ये आधी नगरपालिकेत लग्न होतं आणि मग हवं तर चर्चमध्ये. भारतात १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे चर्चमध्ये लागलेलं लग्न हेच कायद्याचं लग्न ठरतं. फादर किंवा पाळक (प्रॉटेस्टंट धर्मगुरू) वेदीसमोर उभे असतात तेव्हा ते एकाच वेळी देवाचं आणि सरकारचं काम करत असतात. म्हणून लोकांना वाटतं की सरकारने लग्नाची व्याख्या बदलली तर फादरची वहीही बदलेल. पण तोच कायदा पुढे सांगतो की धर्मगुरूने लग्न लावायचं ते आपल्या चर्चच्या नियमांनुसार, विधींनुसार आणि रूढींनुसार. घटस्फोट घेतलेल्या माणसाचं लग्न लावायला कुठल्याही कोर्टाने फादरला भाग पाडलेलं नाही, कारण ते मुळात कोर्टाचं क्षेत्रच नाही. शिवाय २०२३ च्या सुनावणीत घटनापीठाने सुरुवातीलाच बजावलं होतं की आम्ही धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नाही, विचार फक्त विशेष विवाह कायद्याचा करू. फादरची वही टेबलावर आलीच नव्हती.

१७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला. विवाह करणं हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा कोर्ट बदलू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. विवाह नाही तर नाही, निदान सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल मान्यतेच्या बाजूने होते, पण ते अल्पमतात गेले. २०२५ च्या जानेवारीत फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. आज भारतात समलिंगी विवाह नाही. बदल झालाच तर तो संसदेकडून होईल.

आता चर्चचं म्हणणं. ‘अहो, बायबलमध्ये सरळ लिहिलंय ना?’ असं आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने बोलायचं तर परंपरा खरोखर मोठी आहे. उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत देव नर आणि नारी निर्माण करतो आणि ती दोघं एकदेह होतात. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात घटस्फोटाबद्दल प्रश्न येतो तेव्हा येशू याच ओळींकडे बोट दाखवतो. लेवीय, रोमकरांस पत्र आणि करिंथकरांस पहिलं पत्र यांत समलिंगी संबंधांचा निषेध आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च यावरून सांगतात की विवाह हा एक पुरुष आणि एक स्त्री यांचा संस्कार आहे, तो संततीसाठी खुला आहे आणि त्याची व्याख्या बदलायचा अधिकार पोपनाही नाही. बहुतेक इव्हँजेलिकल आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांचंही म्हणणं हेच.

दुसरीकडे, तेच बायबल वाचून वेगळ्या निष्कर्षाला आलेली चर्चेसही आहेत. स्वीडनचं लुथरन चर्च २००९ पासून समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतं. ब्रिटनच्या मेथडिस्टांनी २०२१ मध्ये आणि चर्च ऑफ स्कॉटलंडने २०२२ मध्ये तशी परवानगी दिली. त्यांचं म्हणणं असं: प्राचीन काळातल्या लेखकांसमोर वेश्याव्यवसाय होता, गुलामांवरची जबरदस्ती होती, पण दोन प्रौढ माणसांनी आयुष्यभर एकनिष्ठ राहायचं वचन देणं त्यांच्यासमोर नव्हतं. शिवाय गुलामगिरीच्या बाबतीत किंवा स्त्रियांनी मंडळीत बोलण्याच्या बाबतीत आपण वचनं पुन्हा वाचलीच की. याला पारंपरिक बाजूचं उत्तर तयार असतं: गुलामगिरीला बायबलने कधी सृष्टीच्या आरंभाशी जोडलं नाही, विवाहाला जोडलं आहे. हा वाद पोरकट नाही. दोन्ही बाजूंना ग्रीक येणारी माणसं आहेत. इंग्लंडचं अँग्लिकन चर्च मध्येच अडकलंय. २०२३ मध्ये त्यांनी नेहमीच्या उपासनेत समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना सुरू केल्या, लग्न मात्र लावत नाहीत, आणि त्यामुळे दोन्हीकडचे लोक नाराज. आमच्या मुंबईतल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत या विषयावर व्यासपीठावरून फारसं बोललंच जात नाही. बोललं जातं ते चहाच्या वेळी, दबक्या आवाजात.

रोमनेही १८ डिसेंबर २०२३ ला एक पाऊल टाकलं. विवाहाची शिकवण तीच राहील, पण समलिंगी जोडपं आशीर्वाद मागायला आलं तर धर्मगुरू साधा, विधीशिवायचा आशीर्वाद देऊ शकतात. गदारोळ झाल्यावर व्हॅटिकनने खुलासा केला की असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असतो. आफ्रिकेतल्या बिशपांनी तेवढाही नको म्हणून कळवलं.

आता मला जी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. एखादी गोष्ट पाप आहे असं मानणं आणि ती गुन्हा असावी असं म्हणणं, यांत मोठं अंतर आहे. ते चर्चलाही कळायला शतकं लागली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं आपलं ३७७ कलम १८६० च्या दंडविधानातलं. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडच्या ख्रिस्ती नीतिकल्पना कायद्यात घालून इंग्रजांनी ते आपल्याला दिलं. गंमत अशी की खुद्द इंग्लंडमध्ये याच विषयावरच्या सरकारी समितीचा, १९५७ चा वुल्फेंडन अहवाल तयार होत होता तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडच्या समितीने आणि कॅथलिक समितीनेही सांगितलं होतं की प्रौढांचे खासगी, संमतीचे संबंध गुन्हा मानू नका. पाप म्हणणं त्यांनी सोडलं नव्हतं. फक्त ते पोलिसांचं काम नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मुंबईतही हेच घडलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ पुन्हा जिवंत केलं, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितलं की समलिंगी विवाहाला आमचा विरोध आहे, पण समलिंगी व्यक्तींना आम्ही कधीच गुन्हेगार मानलेलं नाही. त्याच खटल्यात काही ख्रिस्ती संघटना कलम टिकावं म्हणून कोर्टात उभ्या होत्या, हेही सांगायला हवं. ‘ख्रिस्ती लोकांचं मत’ असं एकवचनी काही नसतं. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला ते कलम संमतीच्या संबंधांपुरतं गेलं. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या जानेवारीत एका मुलाखतीत हेच म्हटलं: समलिंगी असणं हा गुन्हा नाही.

धर्मस्वातंत्र्याची कथा याहून लांबलचक आहे आणि ख्रिस्ती माणसाला ती सांगताना थोडी लाज वाटली तर वाटू द्यावी. सुरुवात सुंदर आहे. रोमन साम्राज्यात छळ चालू असताना, इसवी सन २१२ च्या सुमारास, कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन तिथल्या रोमन सुभेदाराला लिहितो की धर्माची सक्ती करणं हे धर्माचं काम नव्हे. ३१३ मध्ये छळ थांबतो, सगळ्या धर्मांना मोकळीक मिळते. ३८० मध्ये तोच ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म होतो आणि मोकळीक मागणाऱ्यांच्या हातात दंडुका येतो. बिशप ऑगस्टीनसारखा मोठा माणूस आधी सक्तीच्या विरोधात होता, पुढे पाखंड्यांवर सक्ती चालेल असं म्हणू लागला. १५५३ मध्ये प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात सर्व्हेटस या वैद्याला त्याच्या मतांसाठी जिवंत जाळलं. पुढच्याच वर्षी कॅस्टेलियो या विद्वानाने लिहिलं की माणसाला मारल्याने तत्त्वाचं रक्षण होत नाही, फक्त एक माणूस मरतो. आपल्या शेजारी गोव्यात १५६० मध्ये धर्मसमीक्षण (इन्क्विझिशन) सुरू झालं, ते मधला थोडा खंड सोडला तर थेट १८१२ पर्यंत टिकलं.

या सगळ्या काळात एक दाखला दोन्ही बाजू वापरत होत्या. मत्तयाच्या १३ व्या अध्यायात शेतकऱ्याच्या गव्हात वैरी निदण, म्हणजे तण, पेरून जातो. चाकर विचारतात, उपटून टाकू का? धनी म्हणतो, नको, निदण उपटताना गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या. छळाचे समर्थक म्हणत, निदण ओळखू आलं असेल तर उपटायला काय हरकत? विरोधक म्हणत, धन्याने ओळखू आल्यावरच तर नको म्हटलंय! कोकणात किंवा वसईच्या वाडीत कुणी शेती केली असेल तर त्याला चाकरांची घाई कळेल. निदण बघवत नाही.

कॅथलिक चर्चने १८६४ मध्येसुद्धा, माणसाने आपल्याला खरा वाटेल तो धर्म स्वीकारावा या विधानाची गणना चुकांच्या यादीत केली होती. बरोबर शंभर वर्षांनी, १९६४ च्या डिसेंबरात, पोप सहावे पॉल मुंबईत आले. आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक महामेळाव्यासाठी ओव्हल मैदान भरून गेलं होतं. त्या मुक्कामात ते इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले आणि ‘असतो मा सद्गमय’ ही उपनिषदातली प्रार्थना त्यांनी उद्धृत केली. पुढच्या वर्षी, ७ डिसेंबर १९६५ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. मतं २३०८ विरुद्ध ७०. त्याचा आशय असा की धर्माच्या बाबतीत कुणावरही सक्ती नको, आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो, त्याचं मत बरोबर आहे की चूक यावरून नव्हे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचा म्हणेन. याच्या आधी चर्चचा युक्तिवाद असा होता की चुकीला हक्क नसतात. १९६५ नंतर उत्तर मिळालं की हक्क चुकीला नसतात, पण चुकणाऱ्या माणसाला असतात.

मुंबईला मात्र हा धडा त्याच्या सव्वाशे वर्षं आधी कोर्टात मिळाला होता, आणि तोही उलट दिशेने. १८३९ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. शहर पेटलं. त्यातल्या धनजीभाई नौरोजी यांना परत मिळवण्यासाठी नातेवाईक सर्वोच्च न्यायालयात, म्हणजे तेव्हाच्या मुंबईच्या कोर्टात गेले. कोर्टाने ठरवलं की मुलगा जाणता आहे, त्याला हवं तिकडे जाऊ द्या, आणि तो विल्सन यांच्याबरोबर गेला. पारशी पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला. या वेळी कोर्ट म्हणालं, हा लहान आहे, बापाकडे द्या. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून खटपट केली आणि त्यासाठी स्वतः सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की कोर्टाने आखलेली रेघ दिसते: जाणता असेल तर त्याचं त्याने ठरवावं, बाप कितीही रडला तरी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरात काय झालं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण ‘हा निर्णय घरातल्यांना असह्य आहे, म्हणून कायद्याने थांबवा’ हा युक्तिवाद मराठी ख्रिस्ती समाजाने कधी मान्य केला असता तर तो समाज निम्म्याने असता.

आजची घटनाही अंतरात्म्याच्या बाजूने उभी राहते, पण अटींसह. कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे. ख्रिस्ती संघटनांना हे आजही खटकतं. पण १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला प्रत्येक ख्रिस्ती तरुणाने माहीत करून घ्यावा. केरळमधली तीन भावंडं यहोवाचे साक्षीदार या पंथाची. शाळेत राष्ट्रगीत लागलं की ती आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते उपासनेसारखं ठरतं. शाळेने काढून टाकलं. बाकीच्या ख्रिस्ती लोकांनासुद्धा हा पंथ विचित्र वाटतो, कित्येक चर्चेस त्यांना ख्रिस्तीच मानत नाहीत. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी मुलांना परत घ्यायला लावलं आणि लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करतं, आपली घटना सहिष्णुता आचरते, तिच्यात पाणी घालू नका.

ती मुलं बरोबर होती की चूक, हे कोर्टाने ठरवलं नाही. श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि कुणाचं नुकसान होतंय का, एवढंच पाहिलं. सहिष्णुता म्हणजे एवढंच, आणि एवढंही पुष्कळ आहे. मला तुझं पटत नाही, मी ते बोलून दाखवीन, पण तुझी वाट अडवणार नाही. ज्याचं पटतंच त्याला सहन करायला काय लागतं? आणि दुसरीकडे, ‘तू माझ्याशी सहमत झाला नाहीस म्हणजे तू असहिष्णू’ असं म्हणणाऱ्यांनीही हा मुद्दा सोडून दिलेला असतो. चर्चने समलिंगी विवाहाला नाही म्हणणं ही असहिष्णुता नाही. मासळी खाता म्हणून मुंबईत घर नाकारलं जातं ते आपल्याला कळतं. दोन मुलगे एकत्र राहतात म्हणून आपल्याच सोसायटीने भाडेकरू नाकारला, तर मात्र ते कळलं पाहिजे.

आता केकवाला. इथे खरोखर अवघड प्रकरणं आहेत आणि ती सरसकट एका बाजूने सोडवता येत नाहीत. २०१४ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला एका माणसाने बेकरीत साडेछत्तीस पौंडांचा केक सांगितला, वर लिहायचं होतं ‘समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या’. मालक ख्रिस्ती, त्यांनी पैसे परत केले. खालची कोर्टं त्यांच्या विरोधात गेली. १० ऑक्टोबर २०१८ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीला सोडलं. कारण बारीक होतं: त्यांनी गिऱ्हाइकाला नाकारलं नाही, संदेशाला नाकारलं, तोच संदेश एखाद्या विवाहित बाईने मागितला असता तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं. त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ख्रिस्ती दांपत्याविरुद्ध निकाल दिला होता. त्यांनी आपल्या छोट्या हॉटेलात समलिंगी जोडप्याला डबल खोली नाकारली होती. तिथे कुठला संदेश नव्हता, माणसंच नाकारली होती. समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक नाकारणारा अमेरिकेतला कोलोरॅडोचा केकवाला २०१८ मध्ये ७ विरुद्ध २ ने जिंकला, पण तो यासाठी की राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेची हेटाळणी केली होती. मूळ प्रश्न तेव्हा तसाच राहिला. व्हिडिओत हे नसतं.

आणि त्या तुरुंगात गेलेल्या बाई? त्या अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका काउंटीच्या (जिल्ह्याच्या) क्लार्क, म्हणजे विवाहाचे परवाने देणाऱ्या अधिकारी होत्या. २०१५ मध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाल्यावर त्यांनी परवाने द्यायचेच बंद केले, कोर्टाचा आदेश मोडला आणि पाच दिवस आत राहिल्या. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण बाजू त्यांची घेता येत नाही. त्यांच्या समोरची वही चर्चची नव्हती. आपल्याकडच्या रजिस्ट्रारने उद्या ‘माझ्या धर्मात आंतरधर्मीय लग्न बसत नाही’ म्हणून सही नाकारली, तर याच व्हॉट्सॲपवर आपण काय लिहू? फादरला मात्र उलट न्याय. इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्यात तर कुठल्याही धर्मगुरूवर सक्ती होणार नाही याची तजवीज आहे आणि चर्च ऑफ इंग्लंडला वेगळं वगळलं आहे. डेन्मार्कमध्ये २०१२ पासून राष्ट्रीय चर्चमध्ये अशी लग्नं होतात, तरी पाळकाला नकार द्यायची मुभा आहे.

मधल्या जागा मात्र उरतातच. चर्चने चालवलेल्या शाळेत शिक्षक समलिंगी आहे असं कळलं तर? चर्चचा हॉल भाड्याने देताना? अल्पसंख्याक शाळांना कलम ३० चं संरक्षण आहे, पण गणिताचा शिक्षक आणि धर्मशिक्षण देणारा शिक्षक यांत फरक करायला हवा असं मला वाटतं. सगळ्या ख्रिस्ती मित्रांना तसं वाटत नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात ख्रिस्ती २.३ टक्के होते. अमेरिकेतला वाद हा बहुसंख्य असलेल्यांच्या हातून काहीतरी निसटतंय याचा वाद आहे. तो जसाच्या तसा उचलून मुंबईत आणला की तो अंगाला बसत नाही. इथला ख्रिस्ती माणूस प्रार्थनासभेला परवानगी मागतो, धर्मांतरविरोधी कायद्यांविरुद्ध कोर्टात जातो, आणि दर वेळी बहुसंख्याकांना सांगतो की तुम्हाला पटत नसेल तरी आम्हाला जगू द्या. हेच वाक्य त्याच्यापेक्षा लहान एका गटाने त्याच्यासमोर म्हटलं, तर त्याला दुसरं माप लावता येणार नाही. माझ्या ओळखीचे एक फादर हे मान्य करतात आणि विवाहाबद्दलची चर्चची शिकवण एका शब्दानेही सैल करत नाहीत. दोन्ही एकाच डोक्यात मावतं.

दरम्यान कायद्याच्या बाजूला छोट्या गोष्टी हलताहेत. २०२३ च्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काही खुलासे निघाले: समलिंगी जोडीदारांना एका शिधापत्रिकेवर नाव घालता यावं, बँकेत संयुक्त खातं उघडता यावं, त्यात एकमेकांना नॉमिनी करता यावं, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात मिळावा. यातली एकही गोष्ट फादरच्या वहीतली नाही.

वारसाहक्काचं मात्र तसंच पडून आहे. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता तो गेला तर मालमत्ता पत्नी, मुलं, आईवडील, भावंडं यांच्याकडे ठरलेल्या क्रमाने आणि हिश्श्यांनी जाते आणि वीस वर्षं सोबत राहिलेल्या समलिंगी जोडीदाराला कायद्याने काहीच मिळत नाही. मृत्युपत्र केलं तर हवं त्याला देता येतं. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली की पुरे. फक्त ज्याला द्यायचं आहे त्यालाच साक्षीदार करू नये, नाहीतर त्याच्या नावची देणगी बाद होते.